प्रयोगशाळेत वाढवलेले मूत्राशय: मुलीसाठी थांबावे का?

नऊ वर्षांच्या एका मुलीच्या आईवडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला जन्मतः स्पायना बायफिडा, म्हणजे गर्भात पाठीचा कणा नीट न मिटण्याचा दोष, होता आणि पाठीवरची गाठ दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करून बंद केली गेली. गेली पाच वर्षे ते दिवसातून चार वेळा नळी घालून तिची लघवी काढतात आणि मूत्राशय सैल ठेवणारे ऑक्सिब्युटिनिनचे औषध देतात. अलीकडच्या तपासणीत मूत्राशयातला दाब वाढलेला आढळला, सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड थोडे फुगलेले दिसले, आणि त्यांच्या सर्जननी आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठे करण्याचा सल्ला दिला. याच सुमारास अमेरिकेतील डॉ. अँथनी अटाला यांनी मुलांच्या स्वतःच्या पेशींपासून प्रयोगशाळेत मूत्राशय वाढवून बसवल्याचे त्यांच्या वाचनात आले. आता त्यांचा प्रश्न असा की, चांगल्या आतड्याला हात लावण्यापेक्षा आणखी दोन-चार वर्षे थांबलो, तर तिला तिच्याच पेशींचे मूत्राशय मिळू शकेल का?

उत्तर आधी सांगते आणि कारणे नंतर मांडते. थांबू नका. त्या संशोधनाविषयी मला अनादर आहे म्हणून मी असे म्हणते आहे, असा कृपया समज करून घेऊ नका. पंचवीसहून अधिक वर्षे मी मुलांच्या मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया करत आले आहे, आणि या काळात दुसऱ्या कोणत्याही संशोधनाची मी इतकी वाट पाहिली नाही. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अटाला यांचा लेख आला तेव्हा आमच्या विभागात त्याच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरल्या होत्या. त्या भरात मी दोन कुटुंबांना ‘थोडे थांबून पाहू’ असे सांगितले. त्यांतल्या एका मुलाचे डावे मूत्रपिंड त्या थांबण्याच्या काळात निकामी झाले. तो सल्ला माझा होता, म्हणून आज तुम्हाला लिहिताना मी जास्त सावधपणे लिहिते आहे.

धोका मूत्राशयाला नसून मूत्रपिंडांना आहे, हे आधी नीट समजून घ्यावे लागते. निरोगी मूत्राशय फुग्यासारखे असले तरी एका बाबतीत फुग्यापेक्षा हुशार असते: ते भरत जाते, पण आतला दाब जवळजवळ वाढू देत नाही. नऊ वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण ३०० मिलिलिटर लघवी आरामात मावायला हवी. वयाला तीसने गुणून त्यात तीस मिळवायचे, असा आमचा ढोबळ हिशेब आहे. स्पायना बायफिडामध्ये मज्जातंतूंचे संदेश बिघडलेले असतात. मूत्राशय अवेळी आवळते, त्याच वेळी खालची झडप बंद राहते, आणि वर्षानुवर्षे बंद दारावर धक्के मारून मारून त्याची भिंत जाड आणि ताठर होते. मग थोडीशी लघवी साठली तरी दाब चढतो. १९८१ मध्ये मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच मुलांचा अभ्यास करून दाखवले की ज्यांच्यात लघवी गळू लागण्याचा दाब पाण्याच्या चाळीस सेंटिमीटरपेक्षा जास्त असतो, त्यांची मूत्रपिंडे बिघडण्याची शक्यता फार मोठी असते. तो चाळीसचा आकडा आजही आमच्या प्रत्येक चर्चेत असतो.

तुमच्या मुलीची जी युरोडायनॅमिक तपासणी झाली, तिचा कागद पुन्हा एकदा समोर घ्या. त्या तपासणीत एक बारीक नळी मूत्राशयात आणि दुसरी गुदद्वारात ठेवतात, मूत्राशयात हळूहळू सलाइन सोडतात आणि पडद्यावर रेषा उमटत जातात. मूत्राशयातल्या नळीने मोजलेल्या दाबातून गुदद्वारातल्या नळीने मोजलेला पोटाचा दाब वजा केल्यावर जी तिसरी रेषा उरते, तीच खरी मूत्राशयाची. मूल खोकले किंवा रडले तर वरच्या दोन्ही रेषा उडी मारतात आणि तिसरी स्थिर राहते. तशी ती राहिली नाही, तर नळी नीट बसलेली नाही असे समजून आम्ही तपासणी थांबवतो. सुरुवातीला ही रेषा सपाट चालते. ताठर मूत्राशयात मात्र शंभर-सव्वाशे मिलिलिटरच्या आसपासच ती चढ चढू लागते, आणि मूल अजून शांतपणे मोबाइलवर गाणी ऐकत असते. त्याला काहीच जाणवत नसते. या आजारातली सर्वांत फसवी गोष्ट हीच आहे, कारण दुखत नाही म्हणून घाई वाटत नाही.

आता अटाला यांच्याकडे वळते. ते मुलांचे युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे सर्जन, आहेत. बोस्टनच्या चिल्ड्रेन्स हॉस्पिटलमध्ये काम करताना त्यांच्यासमोर रोज अशीच मुले येत होती, आणि आतडे जोडण्यापलीकडे त्यांच्याही हातात फारसे काही नव्हते. आतड्याचे काम शोषून घेण्याचे आहे आणि मूत्राशयाचे काम साठवण्याचे. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवले की तक्रारी होणारच. म्हणून जागा भरायची तर मूत्राशयाच्याच पेशींनी भरावी, हा त्यांचा विचार होता. त्याच शहरात मुलांचे सर्जन जोसेफ व्हॅकान्टी आणि रसायन अभियंता रॉबर्ट लँगर यांनी पेशी आणि विरघळणारा सांगाडा एकत्र करून नवी ऊती घडवण्याची कल्पना मांडलेली होती. व्हॅकान्टी यांना ती सुचली त्यामागेही बालरुग्णच होते. प्रत्यारोपणासाठी यकृत न मिळाल्याने त्यांच्याकडे उपचाराला आलेली मुले दगावत होती. टिश्यू इंजिनिअरिंगच्या इतिहासात मुलांचे डॉक्टर इतके पुढे का दिसतात, याचे कारण यात आहे. मोठ्या माणसाला कृत्रिम भाग बसवला तर तो त्याच मापाचा राहिला तरी चालतो. मुलाला मात्र त्याच्याबरोबर वाढणारे काहीतरी हवे असते.

पद्धत अशी होती. पोटावर लहानसा छेद घेऊन मूत्राशयाच्या वरच्या भागातून बोराएवढाही नसलेला तुकडा काढायचा. प्रयोगशाळेत त्यातले आतले अस्तर आणि बाहेरचा स्नायू वेगळे करायचे, दोघांच्या पेशी वेगवेगळ्या ताटल्यांत वाढवायच्या. मग मूत्राशयाच्या आकाराचा सांगाडा घ्यायचा, जो कोलॅजनचा किंवा कोलॅजन आणि पॉलिग्लायकॉलिक अॅसिड यांचा मिळून बनलेला असे. यातला दुसरा पदार्थ आम्हाला अजिबात नवा नाही, कारण शरीरात विरघळणारे टाके त्याच जातीचे असतात. सांगाड्याच्या बाहेरून स्नायूच्या पेशी आणि आतून अस्तराच्या पेशी लावायच्या, शरीराच्या तापमानाला त्यांना रुजू द्यायचे, आणि बायोप्सीनंतर साधारण सात आठवड्यांनी तो वाडगा मुलाच्या स्वतःच्या, वरून उघडलेल्या मूत्राशयाला शिवायचा. माणसांच्या आधी हे बीगल जातीच्या कुत्र्यांवर करून पाहिले होते आणि तो अहवाल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या मुलावरची शस्त्रक्रियाही १९९९ चीच.

२००६ च्या लेखात सात रुग्ण होते, वय ४ ते १९ वर्षे, सगळे तुमच्या मुलीसारखेच स्पायना बायफिडाचे. सरासरी ४६ महिने त्यांच्याकडे लक्ष ठेवले होते. सुरुवातीच्या रुग्णांत फायदा माफक होता. पुढे दोन बदल केले: सांगाडा मिश्र पदार्थाचा घेतला आणि नव्या मूत्राशयाभोवती ओमेंटम, म्हणजे आतड्यांवर पांघरलेला रक्तवाहिन्यांनी भरलेला चरबीचा पडदा, गुंडाळला. अशा रुग्णांत गळतीचा दाब ५६ टक्क्यांनी उतरला, आकारमान १.५८ पट झाले आणि लवचीकपणा २.७९ पट वाढला. खडे झाले नाहीत, रक्तातले क्षार बिघडले नाहीत, मूत्रपिंडे टिकली. ओमेंटमचा मुद्दा मला तेव्हाही सर्वांत महत्त्वाचा वाटला होता आणि आजही वाटतो. पेशींपर्यंत प्राणवायू जवळच्या रक्तवाहिनीतून केवळ झिरपून पोहोचतो, आणि हे झिरपणे दोन केसांच्या जाडीइतक्या अंतरानंतर थकते. मूत्राशयाची भिंत त्याहून कितीतरी जाड असते. पेशी लाखोंनी वाढवता येतात, पण शिवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत त्यांना जगवायचे कसे, हा या शास्त्राचा सर्वांत जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे.

बातम्यांत ‘प्रयोगशाळेत तयार केलेला पहिला अवयव’ असे मथळे आले. प्रत्यक्षात कोणालाही संपूर्ण नवे मूत्राशय मिळाले नव्हते. मूळ मूत्राशयाचा तळ, मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नलिका आणि झडप जागेवरच होती. नवा भाग वरून जोडला होता. त्यात मज्जातंतूंची मूळ व्यवस्था परत आली नव्हती, त्यामुळे मुलांना लघवीची जाणीव झाली नाही आणि नळी घालणेही सुटले नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या पत्रात ‘म्हणजे मग नळी बंद होईल’ असे एक वाक्य आहे. नळी या मार्गाने बंद झाली नसती. २०११ मध्ये अटाला यांनी एका जाहीर व्याख्यानात त्रिमितीय छपाईने बनवलेला मूत्रपिंडाच्या आकाराचा नमुना दाखवला, तेव्हाही काही वृत्तपत्रांनी खरेखुरे मूत्रपिंड छापल्याचे ठोकून दिले होते. तो नमुना काम करणारे मूत्रपिंड नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. सात रुग्णांचा अनुभव कितीही आशादायक असला, तरी एका केंद्रातला, तुलनेचा गट नसलेला अनुभव एवढेच त्याचे वजन असते. खरी परीक्षा पुढच्या टप्प्यात झाली. या संशोधनावर उभ्या राहिलेल्या टेंजियन नावाच्या कंपनीने अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत स्पायना बायफिडाच्या मुलांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी घेतली. तिचा अहवाल २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’मध्ये डेव्हिड जोसेफ आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दहा मुलांना तीन वर्षे तपासल्यानंतर त्यांनी लिहिले की लवचीकपणा काही मुलांत सुधारला, पण ती सुधारणा उपचार म्हणून अर्थ असण्याइतकी नव्हती. मूत्राशयाची साठवणक्षमता तर वाढलीच नाही. चार मुलांना आतडे अडकणे किंवा मूत्राशय फुटणे यांसारखे गंभीर त्रास झाले. गंभीर त्रासांचे प्रमाण मान्य करता येण्याजोग्या सुरक्षिततेच्या पलीकडे गेल्याचे त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. त्यानंतर स्पायना बायफिडाच्या मुलांसाठी पेशींचे मूत्राशय हा नेहमीच्या उपचारांत कुठेही आलेला नाही, ना अमेरिकेत, ना आपल्याकडे. दोन-चार वर्षे थांबल्याने तो येईल असे मानायला मला कोणताही आधार दिसत नाही.

असे का झाले, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. माझे मत सांगते, ते मत म्हणूनच घ्या. पहिली अडचण बियाण्याची. ज्या मूत्राशयाच्या पेशी घेतल्या ते स्वतःच आजारी, वर्षानुवर्षे दाब सोसलेले होते, आणि त्याच्या स्नायूपेशी प्रयोगशाळेतही निरोगी मूत्राशयाच्या पेशींसारख्या वागत नाहीत. दुसरी अडचण रक्तपुरवठ्याची, जिच्याबद्दल वर लिहिले. रक्त वेळेवर पोहोचले नाही तर पेशी मरतात आणि उरलेला सांगाडा व्रणात बदलतो, आणि व्रण आकसतो. म्हणजे मोठे करण्यासाठी लावलेले ठिगळच लहान होत जाते. तिसरी अडचण व्यायामाची. मूत्राशयाची ऊती भरणे आणि रिकामे होणे या तालावर घडत असते. यांतल्या अनेक मुलांची झडप बंद राहण्याऐवजी इतकी कमकुवत असते की लघवी सतत गळत राहते आणि नव्या भागाला कधी पुरेसा ताणच मिळत नाही. कुत्र्यांवरच्या प्रयोगात प्राण्यांचे मज्जातंतू आणि झडप निरोगी होती, हा फरक तेव्हा आम्हा सर्वांच्याच नजरेतून निसटला.

फसलेल्या चाचणीचा अहवाल इतक्या सरळपणे छापला गेला, याचे मोल मला मूळ यशाच्या बातमीपेक्षा जास्त वाटते. याच्या अगदी उलट उदाहरणही याच क्षेत्रात आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काम करणाऱ्या पाओलो मॅकियारिनी यांनी पेशी लावलेल्या प्लास्टिकच्या श्वासनलिका रुग्णांना बसवल्या आणि निष्कर्ष उजळ करून मांडले. रुग्ण मात्र दगावत गेले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांच्या कैदेची शिक्षा सुनावली. दोन्हीकडे कल्पना जवळजवळ एकच होती, पेशी आणि सांगाडा. फरक प्रामाणिक मोजमापाचा होता.

मग या शास्त्राने मुलांना काहीच दिले नाही का? भरपूर दिले आहे, पण जिथे ऊती पातळ आहे आणि तिचे काम साधे आहे तिथे. अटाला यांच्याच गटाने मेक्सिको सिटीतील पाच मुलग्यांना, वय १० ते १४, अपघातात तुटलेल्या मूत्रमार्गाच्या जागी पेशींची नळी बसवली. २००४ ते २००७ या काळातल्या त्या शस्त्रक्रियांचा पाठपुरावा सहा वर्षांपर्यंत केला आणि नळ्या उघड्या राहिल्या. मूत्रमार्ग ही फक्त वाट आहे. तिला आकसावे किंवा साठवावे लागत नाही, म्हणून तिथे जमले असावे. त्वचेचे यश तर थक्क करणारे आहे. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम इथे एपिडर्मोलिसिस बुलोसा या जन्मजात आजाराने जवळजवळ सारी कातडी सोललेला सात वर्षांचा मुलगा मरणाच्या दारात होता. इटलीतील मोडेना इथल्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या मांडीच्या सांध्याजवळचा फक्त चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला, त्यातल्या पेशींमधला जनुकीय दोष दुरुस्त केला, त्यांचे पापुद्रे वाढवले, आणि शरीराची सुमारे ऐंशी टक्के बाह्यत्वचा नव्याने घातली. तो मुलगा शाळेत जाऊ लागला.

आणखी एक उदाहरण फार थोड्यांना ठाऊक असते. काही बाळे थायमस, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी घडवणारी छातीतली ग्रंथी, नसतानाच जन्मतात आणि साध्या जंतुसंसर्गानेही जातात. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाटेत येते म्हणून दुसऱ्या बाळांच्या छातीतून जी थायमस काढून टाकावी लागते, तिच्या चकत्या दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत सांभाळून या बाळांच्या मांडीच्या स्नायूत रोवण्याचे तंत्र ड्यूक विद्यापीठातील डॉ. लुईस मार्केर्ट यांनी अनेक वर्षे खपून विकसित केले आणि त्याला ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हृदयाच्या बाबतीत वाट अजून अर्धी आहे. तोशिहारू शिनोका यांनी १९९९ मध्ये टोकियोत चार वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिनीची दुरुस्ती तिच्याच पेशी लावलेल्या, विरघळणाऱ्या नळीने केली. अमेरिकेत तीच पद्धत चाचणीत उतरवली तेव्हा पहिल्याच काही मुलांत नळी आतून अरुंद होऊ लागली आणि नवी नोंदणी थांबवावी लागली. अमेरिकेतील कोलंबस इथले क्रिस्टोफर ब्रॉयर आणि त्यांचे सहकारी परत मागे गेले आणि मेंढ्यांवर काम करून ते अरुंद होणे का घडते हे शोधत बसले. मला असे लोक आवडतात.

आतड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल तुम्हाला जी भीती वाटते ती अनाठायी नाही, म्हणून तिचेही खरे रूप मांडते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातला वीत-सव्वा वीत लांबीचा तुकडा रक्तपुरवठ्यासह वेगळा करतात, उरलेली टोके पुन्हा जोडतात. तुकडा लांबीतून उभा चिरून पसरतात, इंग्रजी यू अक्षरासारखा दुमडून त्याचे ठिगळ करतात आणि दुभागलेल्या मूत्राशयावर शिवतात. उभे चिरणे महत्त्वाचे आहे, कारण नळीच्या आकारात ठेवलेले आतडे आकुंचन पावत राहते आणि दाब पुन्हा वाढवते. दाब उतरतो, तो भरवशाने उतरतो, आणि मूत्रपिंडे वाचतात. या एका कामात या शस्त्रक्रियेला आजही तोड नाही. मोबदल्यात आतडे चिकट स्राव सोडत राहते, म्हणून मूत्राशय नियमितपणे सलाइनने धुवावे लागते. धुण्यात कुचराई झाली की खडे होतात. रक्तात आम्ल वाढू शकते, काही वर्षांनी बी-१२ कमी पडू शकते, आणि दूरच्या काळात कर्करोगाची छोटी शक्यता असल्याने तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

सर्वांत घातक आहे ते असे आतडे जोडलेले मूत्राशय फुटणे. माझ्याकडची एक बारा वर्षांची मुलगी नातेवाइकांच्या लग्नात दोन वेळा नळी घालायची राहिली आणि दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या, पोटफुगी घेऊन गावातल्या दवाखान्यात गेली. तिला जुलाब-उलट्यांचे औषध देऊन परत पाठवले गेले, कारण पोट दाबले तरी ती फारशी कळवळत नव्हती. कमरेखाली संवेदनाच कमी, तर ती कळवळणार कशी? आमच्याकडे पोहोचेपर्यंत पोटभर लघवी पसरलेली होती. ती वाचली. तेव्हापासून मी अशा प्रत्येक मुलाच्या दप्तरात मराठीत लिहिलेला एक कागद ठेवायला लावते: या मुलाच्या मूत्राशयाला आतडे जोडलेले आहे, पोटदुखी किंवा ताप असल्यास मूत्राशय फुटले आहे असे धरून तपासावे. त्याच कागदावर दुसरी ओळ रबराबद्दल असते, कारण स्पायना बायफिडाच्या मुलांत लेटेक्सची तीव्र अॅलर्जी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळते आणि हातमोज्यांपासून फुग्यांपर्यंत सगळीकडे ते असते.

‘थांबू नका’ याचा अर्थ ‘पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करा’ असा मात्र नाही. सर्जनशी बोलताना काही गोष्टी आधी करून पाहिल्या आहेत का, हे जरूर विचारा. ऑक्सिब्युटिनिनची मात्रा तिच्या आताच्या वजनाला पुरेशी आहे का? पाच वर्षांपूर्वीची मात्रा तशीच चालू राहिल्याचे मी अनेकदा पाहते. चार वेळांऐवजी पाच-सहा वेळा नळी घालून आणि रात्री नळी जोडून ठेवून फरक पडतो का? भिंत अजून फार ताठर झाली नसेल तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शने देता येतात. मुलांसाठी त्यांना अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली आहे. त्यांचा परिणाम काही महिन्यांनी ओसरतो आणि ती पुन्हा द्यावी लागतात, पण त्यातून विचार करायला सुरक्षित वेळ मिळू शकतो. हे सगळे करून तीन-चार महिन्यांनी युरोडायनॅमिक तपासणी पुन्हा केल्यावरही दाब चाळीसच्या वर असेल किंवा मूत्रपिंडाची सूज वाढत असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. मधल्या काळात मूत्रपिंडाचा डीएमएसए स्कॅन करून घ्या, म्हणजे व्रण पडले आहेत का ते कळेल. खर्चाची चिंता असेल तर हेही पाहा की पाठीच्या कण्याचा हा दोष राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे आणि जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्रातून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळू शकते.

तुम्हाला एका केंद्राने ‘स्टेम सेल देऊन मूत्राशय सुधारू’ असे सांगून काही लाखांचा खर्च कळवला आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. तिकडे जाऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या मान्य कारणांखेरीज स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच करता येतो. खरी चाचणी असेल तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत सापडते, तिच्यामागे नीतिसमिती असते, आणि प्रयोगातल्या उपचारासाठी तुमच्याकडून पैसे मागितले जात नाहीत. पैसे मागितले जात असतील तर तो प्रयोग राहत नाही, तो धंदा झाला. नाळेतले रक्त खासगी बँकेत ठेवले आहे, त्याचा उपयोग होईल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही नाही असेच आहे. त्या रक्तातून मूत्राशय घडवण्याची कोणतीही सिद्ध पद्धत नाही, आणि इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनेही अशा खासगी साठवणुकीची शिफारस केलेली नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल, तर नाळ साठवण्यापेक्षा गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेण्याचा फायदा कितीतरी मोठा आहे. आधीच्या बाळाला हा दोष असेल तर रोज चार मिलिग्रॅमची मोठी मात्रा लागते. तिने पुन्हा तोच दोष होण्याचे प्रमाण जवळपास तीन चतुर्थांशाने घटते, हे १९९१ मध्येच ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले आहे. मज्जानलिका, जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत बंद होत असल्याने पाळी चुकल्यावर गोळी सुरू करून उपयोग होत नाही.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर सर्जनना एक गोष्ट आवर्जून विचारा. फ्रेंच सर्जन पॉल मित्रोफानॉफ यांनी १९८० मध्ये सुचवल्याप्रमाणे अपेंडिक्सची वाट करून ती बेंबीत उघडता येते आणि मग नळी खालून घालावी लागत नाही. आतड्याचे ठिगळ लावतानाच हे केले तर मुलीला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही. नऊ वर्षांची मुलगी, चाकांच्या खुर्चीवर बसल्या बसल्या, कपडे न काढता, शाळेच्या मधल्या सुट्टीत स्वतःच्या हाताने बेंबीतून लघवी काढू शकते. छिद्र बेंबीत हवे की थोडे उजवीकडे, हे तिचा हात कुठे सहज पोहोचतो आणि खुर्चीत बसल्यावर पोटाला घडी कुठे पडते यावरून ठरवायचे असते. म्हणून त्या भेटीला तिला तिच्या खुर्चीसकट घेऊन जा, आणि पोटावर पेनाने खूण करताना पेन आधी तिच्या हातात द्या.